सकाळी सहाची जाहिरात

दुकानात नातेवाइकांची गर्दी करून गिऱ्हाइकाला बाहेर ताटकळत ठेवण्याची कला या भूतलावर फक्त माझ्या पेणच्या चुलतभावाला साधली आहे. शाडूचे गणपती तो असे घडवतो, की बघणाऱ्याने घटकाभर बोलणं विसरावं; तो स्वतः मात्र तेवढा वेळही बोलतच असतो. घाऊक व्यापाऱ्यांनी शाडूकडे पाठ फिरवली, तेव्हा घरच्यांनी त्याच्यासाठी रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टची नोकरी बघून ठेवली. "या हंगामात मूर्ती खपल्या नाय, तर कारखाना बंद करून कंपनीत जातो," असं कबूल करून त्याने वेबसाइट काढली. इंटरनेटवर कोणी 'पेणचे गणपती' शोधलं की आपलं नाव सगळ्यात वर दिसावं, म्हणून पैसे भरून जाहिरातही लावली.

नाव वर झळकलं त्या दिवशी त्याने पेढे वाटले. मग खांब गावातल्या एका लग्नात, पंगतीत भात वाढता वाढता, त्याने अख्ख्या भावकीला बजावलं, "रोज सकाळी माझं नाव शोधा नि त्याच्यावर बोट दाबा. आपलीच माणसं आली नाय, तर परकी कशाला येतील?" असल्या फुकटच्या कामात आमची भावकी कधी मागे हटत नाही. कोलाडचे काका दूध आणायला निघताना दाबत, कुणाची सून भाकऱ्या थापता थापता दाबे, आणि रोह्याजवळच्या अष्टमी गावची आमची आत्या तर आंघोळ करून, देवाला फूल वाहून, मग दाबायची. वेबसाइटवरच्या भेटींचा वाढता आकडा बघून हा खूश. मूर्ती मात्र एकही हलेना.

शेवटी मी त्याला समोर बसवलं. प्रत्येक दाबण्याचे पैसे तुझ्याच खिशातून जातात, दिवसाची रक्कम संपली की जाहिरात उतरते, आणि ती तुझी भावकी नाश्त्याआधीच संपवते, असं सगळं फोड करून सांगितलं. तो एका गणपतीच्या सोंडेवरून ओला ब्रश फिरवत राहिला.

"म्हणजे आपली माणसं येणार, नि खर्च मीच करायचा?"

"हो."

"मंग लग्नात नि यात फरक काय?"

त्याने सगळ्यांना फोन करून, आता दाबू नका म्हणून हात जोडले. कोलाडचे काका अजून त्याच्याशी धड बोलत नाहीत. पण मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं येऊ लागली, मूर्ती खपल्या आणि कंपनीतली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. आत्याला सांगायला तो स्वतः अष्टमीला गेला आणि काहीही न सांगता पोह्याच्या पापडांची पिशवी घेऊन परत आला. पेण म्हणजे पोह्याच्या पापडांचंच गाव; तिथल्या माणसाला पापड बांधून देणारी आमची आत्या एकटीच. ती त्याला म्हणाली होती, "बाला, सकाळी तुजं नाव वर दिसलं का समजतं, कारखाना चालू हाय. मंग मी चाय घेते."

सहा वाजता गणपती कोण शोधतं, जाहिरात दहाला सुरू कर, असं मी त्याला हजारदा सांगितलं. "आत्या सहाला उठते," एवढंच त्याचं उत्तर.

आत्या गेली, त्याला आता वर्ष होत आलं. परवा मी पुन्हा दहाचा विषय काढला. "करू की," म्हणाला आणि रंग कालवायला वळला. जाहिरात अजून सहालाच लागते. मला ठाऊक आहे, कारण हल्ली मीही सकाळी उठून त्याचं नाव शोधतो. वर दिसलं की बरं वाटतं. दाबत नाही. चहा ठेवतो.