आमच्या बाजूचा डावरा हेर

त्या हेराचे सहा सिनेमे मी पाहिले, आणि सगळे मागून.

मागून म्हणजे पडद्याच्या मागून. चैत्रात आमच्या गावच्या जत्रेला सिनेमाचा तंबू यायचा. पडदा तंबूच्या मधोमध बांधलेला असे. यंत्राच्या बाजूला पुरुष बसत आणि पडद्याच्या पलीकडे आम्ही बायका. एकाच कापडावर दोन्हीकडे सिनेमा दिसायचा. आमच्या बाजूला चित्र फिकं पडू नये म्हणून तंबूवाला आधी पडद्यावर पाणी मारी, कारण ओल्या कापडातून उजेड चांगला आरपार येतो. दुष्काळ पडला त्या वर्षी तो म्हणाला, माझ्याकडे पाणी नाही, बायकांनी तिकिटासोबत एकेक तांब्या पाणी आणावं. गावात टँकर दोन दिवसांआड यायचा. तरी एकही बाई तांब्याशिवाय आली नाही. घराघरांत धुणं राहिलं, पण हेराचा पडदा कोरडा राहिला नाही.

मी डावरी आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले. तिथल्या मास्तरांनी डाव्या हातावर पट्टी मारून मारून मला उजव्या हातानं लिहायला शिकवलं. माझं अक्षर चांगलं आहे ते त्यामुळेच. भीतीनं काढलेलं अक्षर सरळ येतं. लिहिणं सोडून बाकी सगळं मी डाव्या हातानं करत आले, आणि लग्न झाल्यापासून त्यावरून बोलणी खात आले. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मी ताटात भाकरी टाकली की त्या म्हणायच्या, "डाव्या हातानं वाढतीस व्हय? घरात मयत झालीया का?" मग मी भाकरी उचलून उजव्या हातानं पुन्हा टाकायची. भाकरी तीच असायची.

अशात तो हेर आला. डोक्यावर काळी टोपी, गालावर तीळ, आणि पिस्तूल डाव्या हातात! पहिल्या सिनेमात त्यानं डाव्या हातानं सात जण लोळवले. नंतर खुर्चीवर बसून डाव्या हातानंच जेवला आणि त्याला कुणी काही बोललं नाही. मी पदराआड तोंड धरून रडले. बाजूच्या बायकांना वाटलं, मेलेल्यांसाठी रडतेय.

त्या सिनेमात खलनायकही डावरा होता. पोलीस डावरे, डॉक्टर डावरे. मला वाटायचं, मुंबईत डावऱ्यांना मोकळीक असावी. आत्याबाई म्हणायच्या, "शहरात समदं उलटंच." हिरोइनीचा पदर उजव्या खांद्यावर असायचा, म्हणून ती गुजराथीण आहे असं आम्ही ठरवून टाकलं होतं. सिनेमाचं नाव पडद्यावर यायचं आणि जायचं, पण मला ते कधी वाचता आलं नाही. आत्याबाईंनी सांगितलं, ती निजामाच्या वेळची लिपी आहे. त्यांना कुठलीच लिपी येत नव्हती, म्हणून त्या एवढ्या खात्रीनं सांगू शकल्या.

माझे मालक गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. सहावा सिनेमा आला ते पावसानं दगा दिलेलं दुसरं वर्ष होतं. कडबा संपत आलेला, म्हशी आटलेल्या. दूध कमी येई, त्यामुळे संस्थेत बसायला वेळ भरपूर असे. त्या वेळात पुरुष एकच विषय काढायचे: मुंबईचं एक सिनेमाचं मासिक दर वर्षी बक्षिसं देतं, त्यात आपल्या हेराला एकदाही का मिळालं नाही?

मी किटली घेऊन बायकांच्या रांगेत उभी राहायची आणि ऐकायची.

शाळेतले गुरुजी म्हणाले, "ज्या सिनेमात कुणी रडत नाही त्याला बक्षीस नाही. परीक्षकांचा रुमाल भिजावा लागतो."

किराणा दुकानाचे अप्पा म्हणाले, "त्याला आई न्हाय, गुरुजी. तितंच घोडं अडलंय. सा सिनेमे झाले, एकदा तरी आई दाखवायची का न्हाय? नुसती आजारी आई दाखवली असती तरी तिसऱ्यालाच बक्षीस व्हतं."

दुधाचं फॅट तपासणारे मालकांचे चुलतभाऊ म्हणाले, "द्यायचंच व्हतं तर पयल्याला द्यायचं. पयला लई भारी. आता दिलं तर ती पेन्शन झाली."

मालक म्हणाले, "एकाला देऊच नका. सहाच्या सहा मिळून एक द्या. आपल्या संस्थेवानी. समदे सभासद सारखे."

"मंग पाचव्याला बी द्यायचं?" अप्पा उसळले. "पाचव्यात त्यो निम्मा येळ दवाखान्यात झोपलाय! पानी घातलेलं दूध हाय त्ये."

"पानी घातलेलं दूध तुमच्याकडनं बी येतं, अप्पा. आमी घेतोच की."

सगळे हसले. मग गुरुजींनी बोट वर केलं. "मूळ गोष्ट कुणी बोलतच नाही. तो हेर आहे. बक्षीस दिलं की फोटो छापणार. फोटो छापला की सगळ्या जगाला तोंड कळणार. मग नोकरी राहील का त्याची?"

या मुद्द्यावर सगळे विचारात पडले. तेवढ्यात उन्हात ठेवलेलं दोन किटल्यांमधलं दूध नासलं.

शेवटी ठरलं की मासिकाला पत्र लिहायचं. गुरुजींनी मजकूर सांगितला, मालकांनी उतरवला आणि घरी आणला. संस्थेची सगळी पत्रं मीच सुवाच्य करून लिहायची. मालकांचं अक्षर कोंबडी चालल्यासारखं होतं. त्यांच्या सुंदर अक्षराबद्दल तालुक्याच्या सभेत त्यांचा एकदा सत्कारही झाला होता. हार घरी आणून त्यांनी खुंटीला लावला. शेळीनं तो खाल्ला.

मी पत्र लिहायला घेतलं. मध्येच एक वाक्य आलं: "उजव्या हाताने असा अचूक नेम धरणारा दुसरा नट नाही." माझा हात थांबला. सहा सिनेमे पाहिलेली मी, आणि हे काय लिहितायत? मी उजव्या खोडून डाव्या केलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी आयुष्यात कधी कुणाला उलटून बोलले नव्हते आणि समोर कागद होता. मी पुढं एक वाक्य माझ्या मनाचं घातलं: "तो डावखुरा असूनही त्याला कोणी नावे ठेवत नाही, हे या सिनेमांचे थोरपण आहे, आणि बक्षीस द्यायचे तर याच गोष्टीसाठी द्यावे."

मालकांनी न वाचता सही केली. खाली संस्थेच्या सभासदांच्या सह्या आणि अंगठे. पत्र तुळजापूरला टपालात पडलं.

माघात अप्पा दुकानाचा माल आणायला तुळजापूरला गेले आणि स्टँडवरून ते मासिक घेऊन आले. आमचं पत्र छापून आलं होतं, गावाच्या नावासकट. खाली संपादकानं एक ओळ लिहिली होती: या गावी सिनेमा बहुधा आरशात बघतात.

संस्थेत माणसं मावेनात. "गावाची अब्रू घालवली! डावरा म्हनं! कुणी ल्हिलं ह्ये?"

मी रांगेत उभी होते. हातातली किटली जड झाली. मालकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते खाली बघत म्हणाले, "मीच ल्हिलं. चूक झाली हातून."

बरेच दिवस मला वाटत होतं की त्यांनी मला पाठीशी घातलं. पुढं कळलं, सचिवाची पत्रं बायको लिहिते हे कळण्यापेक्षा सचिवाला डावं-उजवं कळत नाही हे त्यांना परवडलं होतं.

पण प्रकरण तिथं मिटलं नाही. रांगेतून आमच्या शेजारची थोरली काकू म्हणाली, "चूक कशापायी? डावराच हाय की त्यो."

"काकू, तुमी गप बसा."

"का गप? सा सिनेमे काय डोळं मिटून बघितले? डाव्या हातानं जेवतोय, डाव्या हातानं गोळ्या घालतोय."

रांगेतल्या सगळ्या बायका बोलायला लागल्या. आत्याबाईसुद्धा! "डावराच हाय. माज्या घरात एक हाय, मला वळकू येत न्हाय व्हय?" त्या दिवशी माझं डावरी असणं पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं.

पुरुष म्हणाले, बायकांना डावं-उजवं कळत नाही. बायका म्हणाल्या, पुरुष तंबूत विड्या ओढतात, त्यांना धुरात काय दिसणार. बायकांना वेगळं का दिसलं, हा प्रश्न मात्र एकाही पुरुषाला पडला नाही. गुरुजींनाही नाही. ते भूगोल शिकवायचे.

चैत्रात तंबू आला, सातवा सिनेमा घेऊन. गावानं ठरवलं की एक बाई पुढच्या बाजूला, पुरुषांच्या शेवटच्या रांगेत, तिच्या मालकाशेजारी बसवायची. तिनं बघायचं आणि बायकांना खरं काय ते सांगायचं. कोण जाणार? काकूनं माझा दंड धरला. "हिला धाडा. ही बोलतच न्हाय, म्हंजी खोटं बी बोलायची न्हाय."

मला नको होतं. मला भीती पुरुषांमध्ये बसायची नव्हतीच. मला भीती होती ती तो हेर माझा न राहण्याची. या अख्ख्या जगात माझ्यासारखा एक माणूस होता, टोपीवाला, आणि त्याची आता तपासणी होणार होती.

मी माझा तांब्या काकूकडं दिला आणि पुढं जाऊन मालकांशेजारी अंग चोरून बसले. यंत्र सुरू झालं. पडद्यावर सिनेमाचं नाव आलं.

मला ते वाचता आलं.

बाळबोध अक्षरं, आपली साधी, शाळेतली. निजामाची लिपी वगैरे काही नव्हतं. तेव्हाच मला कळलं, पुढचं बघायची गरजच नव्हती. तरी मी बघितलं. हेर आला, तीळ दुसऱ्याच गालावर. पिस्तूल उजव्या हातात. हिरोइनीचा पदर माझ्यासारखाच डाव्या खांद्यावर. मग खलनायक उजवा निघाला, पोलीस, डॉक्टर, चहा देणारासुद्धा उजवा. पहिलं गाणं संपायच्या आत अख्खी मुंबई माझ्या विरोधात गेली होती.

"बघितलंस?" मालक हळूच म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी मला अजून काही विचारावं असं वाटलं. पत्र, आरसा, ते वाक्य मी का घातलं, काहीतरी. मी सगळं सांगितलं असतं, ओल्या पडद्याचं, उलट्या अक्षरांचं. त्यांनी विडी पेटवली.

मध्यंतरात मी पलीकडं गेले. बायकांनी मला घेरलं. मी खरं सांगितलं. म्हणाले, तिकडून उजवा आहे. इकडून डावा दिसतो, कारण आपण कापडाच्या पाठीमागून बघतो. खात्री पटावी म्हणून मी काकूच्या जरीच्या लुगड्याचा पदर मागून धरून दाखवला, त्यावरचा मोर उलटीकडं तोंड करतो तसं.

बायकांनी पदर उलटसुलट करून पाहिला. मग आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी ती गुजराथीण न्हाय?"

"न्हाय, आत्याबाई."

"आगाई!" त्यांना हेरापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

काकूनं विचारलं, "मंग खरा कंचा?"

"ज्यांच्याकडं यंत्र, त्यांचा खरा," कुणीतरी म्हणालं.

"आसं कसं?" काकू म्हणाली. "पडद्यावर पानी आपुन घालतो. त्यांनी एक थेंब आणलाय का? त्यांचा त्यांच्यापाशी ऱ्हाऊ दे. आपला डावरा." आणि तिनं माझा तांब्या माझ्या हातात दिला, अजून भरलेला. मला बसायला जागा केली. मी पडद्यावर पाणी मारलं आणि उरलेला सिनेमा मागूनच पाहिला. तो डाव्या हातानं सुटला, डाव्या हातानं जिंकला. मी या खेपेला रडले नाही. नुसतं बघत राहिले, माहेरच्या माणसाकडं बघावं तसं.

पुरुषांना आम्ही एवढंच कळवलं की उजवा आहे. ते खूश झाले. दुरुस्तीचं दुसरं पत्र पाठवायचं ठरलं. गुरुजींनी मजकूर सांगितला, मालकांनी घरी आणला. "या खेपेला बघून लिव्ह. एक अक्षर बदलू नको."

मी एक अक्षर बदललं नाही. दार लोटून घेतलं, टाक डाव्या हातात धरला, आणि चौथीनंतर पहिल्यांदा त्या हातानं लिहायला बसले. हात विसरला नव्हता, पण शिकलाही नव्हता. "उजव्या हाताने अचूक नेम धरणारा" एवढं लिहायला मला भाकरी करपेपर्यंत वेळ लागला. ओळी खाली घसरत गेल्या, वेलांट्या पडल्या. पत्रावर तीन ठिकाणी माझ्याच हातानं शाई फासली गेली. पण पूर्ण केलं.

मालकांनी कागद उजेडाला धरला. "आसं का गं वाकडं?"

"उजवा हात भाजलाय," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. हात कुठं भाजलाय ते बघितलं नाही. बघितलं असतं तर मी खोटी पडले असते.

ते पत्र छापून आलं नाही. हेराला बक्षीसही मिळालं नाही, सातव्याला नाही आणि पुढच्या दोन सिनेमांनाही नाही. संस्थेत त्यावर पुढं कित्येक वर्षं बोलणं चालायचं. अप्पा आईवर अडून राहिले. चुलतभाऊ पहिल्याच सिनेमावर. गुरुजी म्हणायचे, बक्षीस नाही मिळालं तेच बरं, नोकरी टिकली. मालक मात्र म्हणायचे, सगळा घात त्या वाईट अक्षरानं केला.

मी रांगेत उभी असायची. किटली डाव्या हातात.