टाकी लावलेलं पाणी

माझी बहीण वारली ती माजलगाव धरणापलीकडच्या गावात. सडकेनं गेले असते तर माती चुकली असती, म्हणून होडीवाल्याकडे गेले. तो काठावर उकिडवा बसून पाणी न्याहाळत होता.

"काहून बसून राहिलास? वारा तर सकाळइतकाच हाय."

"वारा तेवढाच हाय मावशी, पाणी बदललं. गुळगुळीत पाण्यावरून वारा घसरतो. लाटा उठल्या की त्याला पाणी धरता येतं. जात्याला टाकी लावून खडबडीत केलं की दाणा धरतं ना, तसं. मधून न्हाई नेणार."

"लई भित्रा हायस," मी तोंडावर बोलले.

त्यानं राग धरला नाही. आडोशाच्या काठाकाठानं, जिथं पाणी अजून सपाट होतं, तिथून लांबचा वळसा घेऊन मला नेलं. मध्यावर पांढरा फेस उसळत होता. मी जन्मभर जात्यावर दळलं, पण पाण्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

बहिणीचं तोंड बघायला मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याच होडीतून परतताना मी म्हणाले, "भित्रा म्हणाले, ते माघारी घेते."

"राहू द्या मावशी," तो वल्हं मारत हसला, "त्याच्यावरच तर होडी टिकून हाय."