ताईपासून दोन तास

कुणीही शहराचं नाव काढावं, की आमचे हे विमानाचा वेळ सांगून मोकळे. विमानाच्या तिकिटांचं दुकान चालवण्यात जन्म गेला त्यांचा. त्यांची ताई राहते ते शहर म्हणजे "हजार किलोमीटर, दोन तास". घरापासूनचा रस्ता, सामानाची रांग, तपासणी, हे कधी हिशेबात बसलंच नाही. विमानानं जमीन सोडली की ह्यांचं घड्याळ सुरू. मी म्हणायचे, "दोन तास विमानाला लागतात हो, तुम्हाला नाही." पण ऐकतील तर शपथ.

ताईंनी ह्यांना लहानाचं मोठं केलेलं. दर फोनला ह्यांचं ठरलेलं वाक्य, "तू फक्त हाक मार, दोन तासांत दारात." ताई हसायच्या, "तू? तुझी आंघोळच दोन तास चालते."

त्या सकाळी भाच्याचा फोन आला. ताई दवाखान्यात होत्या, दुखणं हाडांत उतरलेलं. डॉक्टरांच्या मते आजचाच दिवस होता. बूट शोधता शोधता हे बोलून गेले, "तिला सांग, दोन तासांत आलोच." मी कपाळावर हात मारला, पण तोवर फोन ठेवलाही होता.

विमानतळावर पोचून, तपासणी उरकून आतल्या खुर्च्यांवर बसेपर्यंतच ते दोन तास संपले. त्यात तिकडे धुकं. फळ्यावर आमच्या विमानापुढे नुसतं "उशीर" लिहिलेलं. हे सारखे काउंटरवरच्या मुलीकडे जात होते आणि तसेच परत येत होते. भांडणार तरी काय? धुक्यापुढे कुणाचं चालत नाही, हे आपल्या गिऱ्हाइकांना तेच तर समजावत आले होते.

तेवढ्यात भाच्याचा पुन्हा फोन. "मामा, कुठवर आलात? आई सुई घेत नाहीये. दुखणं थांबवायची सुई दिली की झोप लागेल, पुन्हा जाग येईलच असं नाही म्हणतात. ती म्हणते, तो आला की घेईन, दोन तासांचा तर प्रश्न आहे. उशी चावतेय हो ती."

एरवी मी चार शब्द सुनावले असते. ह्यांचा चेहरा बघून मी त्यांच्या हातातली पिशवी तेवढी घेतली.

"तिच्या कानाला लाव," हे म्हणाले. मग धाप लागल्यासारखा आवाज काढून बोलले, "ताई, पोचलो गं. खाली लिफ्टपाशी उभा आहे. फार गर्दी आहे इथे. तू सुई घेऊन टाक, मी आलोच वर."

काचेपलीकडे आमचं विमान जागचं हललं नव्हतं.

दुपारी ते उडालं आणि बरोब्बर दोन तासांत उतरलं. ताई झोपेतच होत्या. हे हात धरून बसले, हाका मारल्या, पण डोळे काही उघडले नाहीत. संध्याकाळी श्वास थांबला.

बाहेर बाकावर ह्यांनी भाच्याला विचारलं, "सुई घेताना काही बोलली का रे?"

तो सांगू की नको करत राहिला. मग म्हणाला, "बोलली ना. लिफ्टची वाट कसली बघतो म्हणावं, जिन्याने ये."

हे उठले. लिफ्टने खाली गेले आणि चार मजले जिन्याने चढून वर आले. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. मला विचारतात कसे, "झोपली का गं ती?"