जिना विसरलेला नकाशा

आमच्या अनसिंगच्या घराचा नकाशा मी हौसेनं स्वतः काढला आणि गच्चीवर जायचा जिनाच विसरलो. ओल्या सिमेंटचा वास आला की अजून तो स्लॅबचा दिवस आठवतो. मिक्सर घरघरत होता, सळया उन्हानं तापल्या होत्या, आणि मी जमलेल्या सोयऱ्यांना समोर बसणाऱ्या मोठ्या काचेचं कौतुक ऐकवत होतो. नारळ फोडायला बायको शिडीनं वर चढली, चारी बाजूंनी फिरली आणि वरूनच ओरडली, "अवो, शिडी काढल्यावर मी कुरड्या वाळू घालाले कुठून येऊ?" मिस्त्री माझ्याकडे बघू लागला, मी आभाळाकडे. उन्हाळ्यातलं तिचं सगळं वाळवण त्या गच्चीवरच व्हायचं होतं. आतून जिना घेतला तर माझा हॉल अर्धा जाणार होता. घसा साफ करून मी सांगितलं, "जिना बाहेरून हाय. लोखंडाचा, गोल. आजकाल तसाच राह्यते." नंतर तो खरंच बसवला, आणि आता येणारेजाणारे त्याचे फोटो काढतात. त्या दिवशी सोयरे गेल्यावर बायको म्हणाली, "गोल जिन्यानं मले चक्कर येते. कुरड्याच्या चिकानं भरलेला गंज दरसाल तुमीच वर न्याचा."