हातची गेलेली बाग

पोरीने संत्रं सोललं आणि त्या वासासरशी मी लोधीखेड्याच्या बागेत पोचले. तेव्हा मी व्यापारासाठी त्या बागेतली झाडावरची सगळी संत्री विकत घेणार होते; सौदा जुळत आला होता. मला तिसरा महिना होता. सकाळपासून पोट दुखत होतं, थोडं रक्तही गेलं होतं. पण सौदा हातचा जाऊ नये म्हणून मी ते लपवलं. बागवानाच्या बायकोने मला पोट धरताना पाहिलं.

"डाग दिसला का बाई?"

मी होकारार्थी मान हलवली.

"अजी, सौदा राहू द्या, गाडी काढा!" ती नवऱ्यावर ओरडली.

"भाव वाढवायले नाटक करून राहिली का?" मी भडकले.

"शिव्या नंतर दे. पहिले दवाखाना."

सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले आणि मी रडले. बाग मात्र दुसऱ्याने नेली. तो राग अजून आहे.

"आई, लोधीखेड्याच्या बागवान मावशीनं पाठवलेली संत्री लय गोड आहेत!"

"तेच तर दुखून राहिलं ना!" म्हणत मी पोरीच्या हातची फोड तोंडात टाकली.