भाऊंचा टॅब

कामाला बसण्याआधीच दमलेला आणि तरी धरलेलं काम न सोडणारा असा दुसरा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात सापडायचा नाही. तळवड्याच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे हे गृहस्थ मूळचे चिखलीचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. लिफ्ट बंद असली की दर जिन्यावर थांबून 'आता राजीनामाच देतो' म्हणायचे आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत विसरायचे. टाइप करण्याचा तर मनस्वी कंटाळा. दोन अक्षरं लिहून टॅबचं बटण दाबायचं, उरलेलं कॉम्प्युटरनं पूर्ण करायचं.

त्यांचं बघून मीही तेच शिकले. तेव्हा माझी नोकरी पक्की व्हायची होती. सर्व्हरला नवी डिस्क जोडताना मी टॅब दाबला. कॉम्प्युटरनं नेमकं आधीच वापरात असलेल्या जागेचं नाव पुढं केलं आणि न बघता मी एंटर मारलं. चाकणच्या एका कारखान्याच्या सगळ्या नोंदी त्या कोऱ्या डिस्कखाली झाकल्या गेल्या. माल भरलेल्या गाड्या तिथं गेटवर अडकल्या. साहेब तणतणत आले. "कुणी केलं हे?"



"मी. हात चुकला," भाऊ उसासा टाकत म्हणाले.

त्यांची बढती गेली. मी रडवेली झाले, तर म्हणाले, "ताई, तुझं एकटीचं न्हाई चुकलं. ते नको ती नावं दाखवतंयच कशाला?" आणि रविवार घालवून त्यांनी ते टॅबचं वागणंच सुधारायला घेतलं: डिस्क जोडताना फक्त मोकळ्या जागा दिसाव्यात, काढताना फक्त जोडलेल्या. ते त्यांनी टॅबचं हे काम करणारा प्रोग्राम फुकट सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींना पाठवलं. उत्तर आलं, डिस्कच्या नावात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली असली की बिघडतं. "नावात जागा सोडतं कोण, राव?" भाऊ वैतागले. शोधल्यावर तसलं नाव निघालं ते आमच्या साहेबांच्याच डिस्कचं. पुन्हा उसासा, पुन्हा दुरुस्ती. असं किती वेळा झालं, देव जाणे.

ते स्वीकारलं जाऊन आमच्या सर्व्हरवर आलं, तोवर भाऊ निवृत्त झाले होते. मी फोन केला.

"चालतंय का?"

"चालतंय." मग इतक्या वर्षांचं ओझं बाहेर पडलं. "भाऊ, मी साहेबांना खरं कधी सांगितलंच नाही."

"त्यांना ठावं हाय. मीच सांगितलं दुसऱ्या दिवशी. म्हणलं, पोर नवीन हाय, कागदावर माझंच नाव राहू द्या."

आणि लगेच म्हणाले, "जेवलीस का?"