राणीसाहेबांच्या हातातली बॅग

"राणी हाये ना हे? मंग चष्मा काऊन घातला तुम्ही हिले?"

स्मारक समितीचे अध्यक्ष नांदुऱ्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये क्ले मॉडेलसमोर उभे होते. क्ले मॉडेल म्हणजे पूर्ण आकाराचा मातीचा पुतळा. तो मंजूर झाला की त्यावरून साचा काढायचा आणि साच्यात ब्राँझ ओतायचं. बदल करायचे ते मातीतच. नंतर काही होत नाही.

पुतळा होता पिंपळगाव राजा या गावाकडच्या एका जुन्या जहागिरीतल्या राणीसाहेबांचा. जहागीर गेली तरी लोक त्यांना राणीसाहेबच म्हणत राहिले. नवरा वारल्यावर त्या नर्सिंग शिकल्या. राहत्या घराच्या पुढच्या तीन खोल्यांत त्यांनी बाळंतपणाचा दवाखाना काढला. अडलेल्या बाईचा निरोप आला की बैलगाडीत बसून निघायच्या. कुणाच्याही घरी, कुठल्याही वस्तीत. समितीनेच मला दिलेल्या फोटोत त्या दवाखान्याच्या पायरीवर उभ्या आहेत. नऊवारी, जाड भिंगांचा चष्मा, हातात कातडी बॅग. मी तीन महिने राबून तेच मातीत उतरवलं होतं.

"आमाले घोडा पाह्यजे," अध्यक्ष म्हणाले. "हातात तलवार."

"साहेब, फोटोत बॅग आहे. त्या घोड्यावर बसल्याचा एकही फोटो नाही."

"बाळंतपणाची बॅग चौकात उभी करता का? लोक हासतीन."

माझं डोकं तापलं. पण माझ्या आधी सुभद्राबाई बोलल्या. राणीसाहेबांच्या हाताखाली दाई म्हणून काम केलेल्या. वय ऐंशीच्या पुढे. चेहरा जुळतो का ते सांगायला समितीनेच त्यांना सोबत आणलं होतं. स्टुलावर बसल्या बसल्या त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "हासतीन? तू पायाळू होता रे. पाय पह्यले आले तुहे. तुह्या मायची आशा सोडली होती साऱ्याईनं. राणीसाहेबानं घाम गाळला तवा तू भाईर आला. याच बॅगेतल्या कैचीनं तुही नाळ कापली. आन तुले लाज वाटून राह्यली?"

अध्यक्षांनी मोबाईल काढला, तो नुसता पाहिला आणि खिशात ठेवला. "फोन करतो," म्हणून सगळे निघून गेले.

आठवड्याने फोन आला. "घोडा नको, तलवारबी नको. पण बॅग काढा. उजवा हात वर करा, आशीर्वाद देल्यासारखा."

"का पण?"

"ठराव झाला समितीचा."

अकरा जणांच्या समितीत एकही बाई नव्हती.

हात वर करणं म्हणजे नुसती माती हलवणं नव्हे. आत सळ्यांचा सांगाडा असतो, आम्ही त्याला आर्मेचर म्हणतो. खांद्यापासून सळई कापून पुन्हा वेल्डिंग करावं लागतं. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. काम दुसऱ्याकडे गेलं तर तो तलवारसुद्धा देईल, अशी स्वतःची समजूत घातली आणि कटर चालवला. त्याचा राग अजून गेलेला नाही. समितीवर आहे तेवढाच माझ्यावर आहे.

अनावरणाला भाषणं झाली. शूर, करारी, रणरागिणी. कुणाच्याही तोंडून 'दवाखाना' हा शब्द आला नाही. त्याच चौकातून पाच मिनिटं चाललं की तो दवाखाना लागतो. कुलूप आहे. बाळंतपणाला बायका खामगाव गाठतात.

गर्दी पांगल्यावर सुभद्राबाई पुतळ्याजवळ आल्या. चष्मा तसाच होता, चेहराही जुळला होता. वर उचललेल्या हाताकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"अशा हात वर करून त्या कधी उभ्या नाही राह्यल्या," त्या म्हणाल्या. "कामं होती त्याईले."

तेव्हापासून कुठलाही पुतळा असो, मी मातीला हात लावण्याआधी फोटोच्या मागे समितीतल्या प्रत्येकाची सही घेतो. आणि पुतळ्याच्या हातात काय असेल, ते अक्षरात लिहून घेतो.